खोपोली स्थानक : जुना इतिहास आणि सध्याच्या सोयी – माहिती हवी आहे

नमस्कार,

रेल्वेच्या इतिहासात रस असलेल्या आमच्या ओळखीच्या काही ज्येष्ठ मंडळींना पावसाळा सरल्यावर खोपोलीला नेण्याचा विचार आहे. त्यांच्यासाठी एक छोटे टिपण तयार करीत आहे. त्यातील काही रिकाम्या जागा भरण्यास जाणकारांनी मदत करावी, ही विनंती.

आज खोपोली म्हटले की कर्जतहून सुटणारी लोकल, एकेरी मार्ग, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही मधली स्थानके आणि शेवटी एकच फलाट, एवढेच बहुतेकांना आठवते. परंतु १२ मे १८५६ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग कल्याणहून पुढे वाढला तो खोपोलीपर्यंत, आणि त्या वेळी हे शाखेचे नव्हे, तर मुख्य मार्गाचेच शेवटचे स्थानक होते. पुढे घाट उभा. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाल्यावरही मधला टप्पा पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने ओलांडावा लागे; १८३० मध्ये खुला झालेला बोरघाटाचा गाडीरस्ता तेव्हा उपयोगी पडला. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग सुरू झाला, पण तो पळसदरीवरून वर चढला आणि खोपोली बाजूला पडली. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचे मंदिर पाहता, घाटाच्या पायथ्याचा हा मुक्काम रेल्वेच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे गावापेक्षा स्थानकाचेच भाग्य फिरले, असे माझे मत.

आता प्रश्न. १८५६ चे स्थानक आजच्याच जागी होते का? त्या काळचा मालधक्का, एखादी इमारत किंवा दगडी बांधकाम अद्याप शिल्लक आहे का? गाडीतून उतरलेले प्रवासी घाटरस्त्याला नेमके कोठून लागत, हे दाखवणारा जुना नकाशा कोणी पाहिला असल्यास तो कोठे मिळेल, हे कृपया सांगावे. ऐकीव माहितीही चालेल, फक्त ती ऐकीव असल्याचे नमूद करावे.

सोयींबाबत विचारण्याचे कारण असे, की एका काकूंना गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही. मुंबईहून थेट येणाऱ्या ‘केपी’ (म्हणजे खोपोलीच्या) लोकल मोजक्याच असल्याने कर्जतला गाडी बदलावी लागण्याची शक्यता आहे. तेथे खोपोलीची गाडी साधारणपणे कोणत्या फलाटावरून सुटते आणि पूल न चढता तेथे पोहोचता येते का? खोपोलीला फलाट आणि डब्याची कड यांच्या उंचीत किती फरक पडतो, बाहेर पडण्यासाठी उतार आहे की पायऱ्याच आहेत, महिलांचे स्वच्छतागृह उघडे असते का, पिण्याचे पाणी आणि सावलीतली बाके कोणत्या टोकाला आहेत, हेही कळवावे. परतीची एक गाडी हुकली तर पुढच्या गाडीपर्यंत बराच वेळ फलाटावर काढावा लागेल, म्हणून या बारीकसारीक चौकशा. वेळापत्रक मी पाहून घेईन.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी शक्यतो महिना आणि वर्षही लिहावे. दुरुस्तीची कामे निघाली की अशा सोयी बदलतात.