मदत हवी आहे: हे कॅरेक्टर लॉफुल न्यूट्रल की लॉफुल इव्हिल?

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स (भूमिका घेऊन खेळायचा गेम) खेळणाऱ्यांनी जरा मदत करा. मी डीएम (गोष्ट चालवणारा) आहे, आमच्या कॅम्पेनमधे (सलग चालणाऱ्या गोष्टीत) एकीचं कॅरेक्टर न्यायाधीश आहे आणि तिने साथ पसरू नये म्हणून एका गावाच्या वेशीच बंद करून टाकल्या, आत धडधाकट माणसंपण अडकली, मेली, पण कायद्यात बसतं ना मग झालं असं तिचं म्हणणं. ती स्वतःला लॉफुल न्यूट्रल (नियम पाळणारी, ना चांगली ना वाईट) म्हणते, बाकीचे प्लेयर म्हणतात हे सरळसरळ इव्हिल (वाईट) आहे.

मला वाटतं हेतू बघायला हवा, कारण तिला त्यातून स्वतःसाठी काहीच नको होतं. पण मग आतल्या लोकांना धान्य पाठवायचा पर्याय मी दिला होता तो तिने विचारातपण घेतला नाही, तिथे मी अडकतो.

१९७४ च्या पहिल्या गेममधे फक्त लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदपणा) होतं, चांगलं-वाईट हा वेगळा अक्ष नंतर आला, म्हणून भांडण तिथेच होतं बहुतेक. गेमच्या थर्ड एडिशनमधे पॅलाडिनने (धर्मयोद्ध्याने) जाणूनबुजून इव्हिल कृत्य केलं की शक्तीच जायच्या, फिफ्थमधे अलाइनमेंटचा (कॅरेक्टरच्या या नैतिक कलाचा) नियमांवर फारसा परिणाम नाही, त्यामुळे निकाल माझ्यावरच येतो.

तुम्ही हेतू धरता का परिणाम? आणि अलाइनमेंट बदलायची तर प्लेयरला आधी सांगता का, का गोष्टीतूनच दाखवता? तिला कॅरेक्टर मनापासून आवडतं, ते हिरावल्यासारखं वाटायला नको.