सांत्वन, धीर, दिलासा की कैवार?

नगरची सून

सगळ्यांना सलाम. एक शब्द अडलाय. आमच्या चर्चच्या महिला मंडळातर्फे मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका बाईंना चार ओळींचं पत्र द्यायचंय. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक), बोलत नाही. गेले तीन-चार महिने त्या उपासनेला आलेल्या नाहीत. इंग्रजी पत्रकांवर ‘एन्करेजमेंट’ असा मथळा असतो, तसं काही मराठीत हवं होतं. मी ‘सांत्वनपर दोन शब्द’ असं लिहिलं आणि मंडळात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरच्या आजी दचकून म्हणाल्या, “कोण गेलं गं?” सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते टोचत राहिलं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, तर ‘सांत्वन’ जागोजागी आहे. मग माझं चुकलं कुठे, आणि त्या जागी लिहू काय?

शब्दवेडा

आजींचं बरोबर आहे. संस्कृतात सांत्वन म्हणजे गोड बोलून शांत करणं, मग ते रागावलेल्याला असो की रडणाऱ्याला. मराठी बोलण्यात मात्र हा शब्द मयताच्या घरी जाऊन बसलाय. ‘सांत्वनाला गेलो होतो’ म्हटलं की ऐकणारा काय झालं ते विचारत नाही, वय किती होतं ते विचारतो.

बाकीचे शब्द बघा. ‘उत्तेजन’ शाळेच्या बक्षीस समारंभाने नासवलं. पहिला, दुसरा, तिसरा आणि मग उत्तेजनार्थ. त्या बाईंच्या हातात चौथ्या नंबरची वही दिल्यासारखं होईल. ‘प्रोत्साहन’ला सरकारी अनुदानाचा वास येतो. ‘दिलासा’ मूळ फारसीतला, त्यात ‘दिल’ आहे, कानाला गोडही आहे. पण वर्तमानपत्रातला दिलासा आठवा: पावसाने शेतकऱ्यांना दिलासा, कोर्टाकडून भाडेकरूंना दिलासा. संकट टळलं किंवा निदान हलकं झालं, की दिलासा. यांचं काय टळलंय?

माझं मत ‘धीर’ला. एवढंच की देणारा धीर देऊन घरी जातो, धरणारीला तो चोवीस तास धरावा लागतो. आणि ‘धीर धर’ म्हणजे आपल्याकडे बऱ्याचदा ‘थांब जरा’ एवढंच असतं.

केडगावकर

सूनबाई, चूक तुमची नाही. हा घोळ भाषांतरातला आहे आणि तो फार जुना आहे.

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘पाराक्लेसिस’ असा एक शब्द आहे. फोड केली तर ‘जवळ बोलावणं’. धीर देणं, समजावणं, विनवणं, सांत्वन करणं, सगळं त्यात येतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, तीन ते सात एवढ्या पाच वचनांत, हा शब्द आणि त्याचं क्रियापद मिळून दहा वेळा येतं. तिथे आपल्याकडे ‘सर्व सांत्वनदाता देव’ आहे. तुम्ही शब्द उचलला तो तिथूनच, असं मला वाटतं.

आता गंमत बघा. प्रेषितांच्या कृत्यांत चौथ्या अध्यायात योसेफ नावाच्या एका लेवीला प्रेषितांनी बर्णबा हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘पाराक्लेसिसचा पुत्र’. मराठीत तिथे ‘बोधपुत्र’ आहे. आणि योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांना ‘दुसरा’ कोणी देण्याचं वचन देतो, तिथे त्याच कुळातला ‘पाराक्लेतोस’ आहे. मराठीत? ‘कैवारी’.

म्हणजे ग्रीकमधलं एकच घराणं मराठीत आलं आणि तीन बिऱ्हाडं झाली. सांत्वन मयताच्या घरी गेलं, बोध व्यासपीठावर चढला. कैवारी तेवढा रस्त्यावर उभा राहिला. पाराक्लेतोस म्हणजे कोर्टात आपल्या बाजूने उभं राहायला बोलावलेला माणूस, असाही अर्थ होता. तुमच्या मथळ्याला मी ‘कैवार’ सुचवीन.

शब्दवेडा

काका, घराणं पटलं, मथळा नाही पटला. ‘कैवार’ला भांडणाचा रंग आहे. ‘आजीने नातवाचा खोटा कैवार घेतला’ असंच आपण म्हणतो. समोर दुसरा पक्ष असल्याशिवाय कैवार होत नाही. इथे दुसरा पक्ष कोण? मुलगा? देव?

मोत माउलीचा भक्त

वसईहून लिहितोय, आम्ही कॅथलिक, त्यामुळे बायबलातल्या शब्दांचं केडगावकर सांगतील तेच खरं. मला एक वेगळंच आठवलं. सप्टेंबरात बांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला जाता ना? चढावर मेणाचे अवयव विकायला असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, हात असेल तर हात, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. आमच्या शेजारची बाई दर वर्षी जाते. तिच्या पोराला बोलता येत नाही. एकदा तिच्याबरोबर मी उभा होतो. तिने हात बघितला, डोकं बघितलं, बाळ हातात घेऊन ठेवून दिलं. विकणारी विचारत होती, “काय पाहिजे बाय?” तिला सांगताच येईना. शेवटी साधी मेणबत्ती घेतली.

शब्दांच्या दुकानातही तुम्ही तसंच उभे आहात असं वाटलं, म्हणून लिहिलं.

लेकुरवाळी

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण ते पत्र ज्यांना जाणार आहे त्यांच्यासारखीच मी एक.

माझा मुलगा सतरा वर्षांचा. प्रमाणपत्रावर ‘बौद्धिक अक्षमता’, शाळेच्या पाटीवर ‘मतिमंद’, सरकारी पत्रात ‘दिव्यांग’, नातेवाइकांत ‘साधाभोळा’ आणि मंडळीत ‘देवाघरचं लेकरू’. हे शेवटचं प्रेमाने म्हणतात, मला कळतं. पण ‘देवाघरी जाणं’ म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नकळत त्याचा हात घट्ट धरला होता. आजींनी ‘कोण गेलं’ विचारलं ना, ते मी सतरा वर्षं ऐकतेय, न विचारता. बायका भेटायला येतात, हळू आवाजात बोलतात, जाताना डोळे पुसतात. आणि तो आतल्या खोलीत पंख्याखाली बसून मजेत बिस्किट खात असतो.

आता तुमच्या शास्त्राबद्दल, केडगावकर काका. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप तुम्हांला ठाऊकच आहे, मुलाला फिट येणारा. येशू त्याला डॉक्टरांसारखंच विचारतो, हे असं किती दिवसांपासून आहे? बाप म्हणतो, बाळपणापासून. आणि पुढे ‘आम्हांला साहाय्य करा’ म्हणतो. ‘ह्याला’ म्हणत नाही. कनानी बाई तर त्याच्याही पुढे. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात, मुलगी घरी आजारी आणि ही ओरडते, ‘माझ्यावर दया करा.’ मुलीवर करा असं आधी नाही म्हणत. लोकांना हे स्वार्थी वाटेल. ज्या आईने रात्री तीन वाजता चादर बदललीय तिला नाही वाटणार.

पण मार्कातलाच तो भाग, जिथे येशू त्या मुलातल्या मुक्या आत्म्याला ‘नीघ’ म्हणतो, मी बरीच वर्षं उघडला नव्हता. एका प्रार्थनासभेत कुणीतरी माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ‘मुक्या आत्म्या, नीघ’ म्हणून ओरडले. त्याने दोन्ही कान झाकून घेतले आणि माझ्या पोटात तोंड खुपसलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. अजून माइकची खरखर ऐकली तरी कान झाकतो.

शब्दवेडा विचारतात, दुसरा पक्ष कोण. सांगते. आमच्याकडे सगळ्यांचं ‘आमेन’ झालं की दोन सेकंदांनी त्याचं येतं. मोठ्याने. मग पुढच्या दोन-तीन बाकांवरचे लोक वळून बघतात. कुणी वाईट म्हणून नाही, सवयीने. एका रविवारी आमच्या बाकावर एक अनोळखी बाई बसल्या होत्या, पाहुण्या आलेल्या. लोक वळले तशा त्या म्हणाल्या, “बघताय काय, पुढे बघा.” एवढंच. उपासना संपल्यावर मुलाला म्हणाल्या, “सलाम, दादा.” मला एक अक्षर बोलल्या नाहीत. परत कधी दिसल्याही नाहीत. दुसरा पक्ष म्हणजे ती वळलेली मान.

शब्दवेडा

ताई, माझा आक्षेप मागे.

केडगावकर

लेकुरवाळी ताई, तुमचं वाचून बर्णबाकडे परत गेलो. ‘बोधपुत्र’ म्हटलं की भाषण करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण तो करतो काय? नवव्या अध्यायात शौल, म्हणजे आधी शिष्यांचा छळ करणारा आणि पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला, यरुशलेमेत येतो, सगळे शिष्य त्याला भितात, कुणाचा विश्वास बसत नाही. बर्णबा त्याला घेऊन प्रेषितांकडे जातो आणि त्याच्या वतीने सगळं सांगतो. पंधराव्या अध्यायात, मध्येच सोडून गेलेल्या मार्काला परत बरोबर घ्यायचं की नाही यावरून खुद्द पौलाशी त्याचं वाजतं, इतकं की दोघं वेगळे होतात. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास (सायप्रसला) जातो. दोन्ही वेळा लोकांनी ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याच्याच बाजूला हा उभा. मला विचाराल तर तो ‘कैवारपुत्र’च.

थोडं अवांतर, पण केडगावचा आहे म्हणून राहवत नाही. पंडिता रमाबाईंच्या इथल्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांच्या घराला ‘बार्तीमी सदन’ नाव दिलं होतं, यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्यावरून. बार्तीमय म्हणजे ‘तिमयाचा मुलगा’, बस. त्याचं स्वतःचं नाव शुभवर्तमानात नाहीच. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, त्यांनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल १९२४ मध्ये केडगावात छापून झालं. साध्या बायाबापड्यांना कळावं हा त्यांचा हट्ट. आज त्या असत्या तर सूनबाईंच्या प्रश्नाला त्यांनी एका दमात उत्तर दिलं असतं.

लेकुरवाळी

तिमयाचा मुलगा. माझं उलटं झालंय, काका. शाळेत, दवाखान्यात, बसमध्ये माझं नाव कुणाला माहीत नाही. मी ‘त्याची आई’.

आणि कैवार कोर्टातला म्हणालात ते अगदीच खोटं नाही हो. पुढच्या वर्षी तो अठराचा होईल. अठरा झाले की कायद्याने तो सज्ञान, आणि आम्ही आईबाप असलो तरी त्याचे कायदेशीर पालक आपोआप राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अर्ज करावा लागतो, जिल्ह्यात जिल्हाधिकारी असलेली एक स्थानिक समिती असते, ती पालक नेमते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी तो कायदा आहे. सूनबाईंच्या त्या बाईंना हे आत्ताच सांगून ठेवा, मुलगा अकराचा असला तरी. मला सोळाव्या वर्षी कळलं.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाचे आईबाप म्हणतात ना, ‘तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा.’ सभास्थानातून काढतील म्हणून घाबरून म्हणतात. मी ते वाचून हसते. मला म्हणता आलं असतं तर! त्याच अध्यायाच्या सुरुवातीला शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, ह्यानेही नाही, आईबापांनीही नाही. माझ्या सासूबाई वारल्या त्याच्या आदल्या महिन्यात मी त्यांना ते वचन वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी त्याला स्वतःच्या ताटात जेवायला बसवलं.

मोत माउलीचा भक्त

‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे वचन पत्रात घालावं का? आमच्याकडे अशा कार्डांवर तेच असतं.

लेकुरवाळी

वचन माझ्या आवडीचं आहे, पण पत्रात नको. मराठीत ‘पुरे’ दोन आहेत. एक पुरतं तो, आणि एक ‘पुरे झालं आता’ तो. संध्याकाळी साडेसातला, कुकर चढलेला आणि पोरगा दार आपटत असताना, दुसराच ऐकू येतो. ते वचन माझं मला रात्री सापडतं. दुसऱ्याने हातात दिलं की ‘तक्रार बंद कर’ असं वाटतं. ‘विशेष मूल देव विशेष आईलाच देतो’ हेसुद्धा लिहू नका. त्या बाई विशेष नाहीत, दमलेल्या आहेत.

नगरची सून

तुम्हां सगळ्यांचे आभार. काल मंडळात पुन्हा बसलो. ‘कैवार’ मथळ्यात घालावा असा माझा आग्रह होता, आजी म्हणाल्या, “निवडणूक आहे का?” म्हणून मथळाच काढला. आता पत्र असं आहे:

‘सलाम. शनिवारी आम्ही दोघी तुमच्याकडे येतो. तुम्ही झोपा, आम्ही त्याच्याजवळ बसतो. रविवारी यावंसं वाटलं तर शेवटून दुसऱ्या बाकावर तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठी जागा धरलेली आहे. दोन्ही बाजूंना आम्हीच आहोत.’

लेकुरवाळी ताई, चालेल का?

लेकुरवाळी

‘शनिवारी’च्या पुढे वेळ लिहा. दुपारी किती ते. नाहीतर ती सकाळपासून घर आवरत बसेल. आणि आधी फोन करून विचारा, त्याला कसला आवाज सहन होत नाही. मिक्सर, शिट्टी, काहीही असेल. बेल वाजवू नका, दार हळू ठोका.

नगरची सून

‘दुपारी अडीच’ लिहिलं. फोन आत्ताच केला. दाराच्या बेलचाच त्रास आहे त्याला.