स्क्विड गर्दीच्या वेळी गुदमरतोय, सीपीयू मात्र निवांत

रात्रपाळी: स्क्विड कॅशिंग प्रॉक्सी आहे (लोकांच्या वेब रिक्वेस्ट पुढे नेणारा आणि पेजेस साठवून ठेवणारा सर्व्हर), रॅम भरपूर, सीपीयू १५ टक्क्यांच्या वर जात नाही, तरी एकदम ५००च्या आसपास लोक आले की पेजेस नुसती फिरत बसतात. कॅशे लॉगमध्ये फाइल डिस्क्रिप्टर (प्रत्येक उघड्या फाइलला किंवा कनेक्शनला लागणारा नंबर) संपत आल्याची वॉर्निंग दिसते म्हणून लिमिट्स कॉन्फमध्ये (लिनक्सची मर्यादा ठरवणारी फाइल) ६५५३६ टाकलं, मशीन रीबूट केलं, फरक शून्य. कॅशे मेम (स्क्विडला साठवणुकीसाठी दिलेली रॅम) दुप्पट केलं तरी तेच. डोकं चालेना.

जुना_खोड: कॅशे मेमचा इथे काही संबंध नाही, ते आहे तसं राहू दे. लिमिट्स कॉन्फ लागू होतं लॉगिन करणाऱ्याला, सिस्टमडीने (लिनक्समध्ये सर्व्हिसेस चालू करणारा प्रोग्राम) उठवलेली सर्व्हिस त्या वाटेने जातच नाही (मीही यात एक अख्खी रात्र घालवलीय). सिस्टमसीटीएल एडिट ही कमांड चालवून लिमिट-नोफाइल (डिस्क्रिप्टरची मर्यादा) तिथे दे, सर्व्हिस रीस्टार्ट कर, आणि मग प्रॉक फोल्डरमध्ये स्क्विडच्या पीआयडीखालची (प्रोसेसचा नंबर) लिमिट्स फाइल उघडून बघ, खरा आकडा तिथेच कळतो. १०२४ दिसला तर हिशोब सरळ आहे, एका रिक्वेस्टला क्लायंटकडचं एक आणि सर्व्हरकडचं एक अशी दोन डिस्क्रिप्टर जातात, डिस्कवर लिहायचं असेल तर तिसरं.

पोर्टवाला: वरचं झालं की पुढची भिंत पोर्ट्सची (बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला लागणारा नंबर), विशेषतः सगळं ट्रॅफिक एकाच पेरेंट, म्हणजे पुढच्या, प्रॉक्सीकडे जात असेल तर. लिनक्सची डीफॉल्ट रेंज ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८ हजारच्या आसपास, आणि टाइम-वेटमध्ये (कनेक्शन बंद झाल्यावरची थांबण्याची अवस्था) पोर्ट ६० सेकंद अडकतो, म्हणजे एका ठिकाणी सेकंदाला साधारण ४७० नवीन कनेक्शन झाली की खेळ खलास. रेंज वाढव, सर्व्हर पर्सिस्टंट कनेक्शन्स (तेच कनेक्शन पुन्हा वापरणं) बंद केली असतील तर चालू कर. जुन्या लेखांत टीडब्ल्यू-रीसायकल (टाइम-वेटमधली पोर्ट्स लवकर सोडवणारी सेटिंग) चालू करा असं असतं, त्याच्या नादी लागू नको, नॅटमागच्या (एकाच आयपी पत्त्यावरून येणाऱ्या) लोकांची कनेक्शनं तुटायची, कर्नल ४.१२ पासून तो ऑप्शनच काढून टाकलाय.

रात्रपाळी: १०२४च होतं!! ६५५३६ दिल्यावर वॉर्निंग गायब, गर्दीतही पेजेस पटापट उघडतायत. पेरेंट वगैरे नाही, सगळं डायरेक्ट जातं. पण आता मॅनेजर इन्फोत (स्क्विडच्या आकडेवारीचं पेज) बघतोय तर वापरातल्या डिस्क्रिप्टरांपैकी निम्मी नुसती रिकामी बसलेली क्लायंट कनेक्शनं आहेत, हे नॉर्मल?

जुना_खोड: हो, क्लायंट आयडल टाइमआउट डीफॉल्ट २ मिनिटं असतो, तोवर स्क्विड धरून ठेवतो. खुपत असेल तर ३० सेकंद कर, पण पर्सिस्टंट बंद करू नको, दर रिक्वेस्टला नवीन हँडशेक (कनेक्शन जोडतानाची देवाणघेवाण) होईल.