मनगटाला प्लेट बसवली आहे. गणपतीपर्यंत हात कितपत चालेल?

प्रश्न (दांडियाबाजार, बडोदे)
आई 63 वर्षांची. घरातच पाय घसरून पडली, उजव्या मनगटाजवळ रेडियसचं (हातातलं अंगठ्याच्या बाजूचं) हाड मोडलं. तळव्याच्या बाजूने प्लेट बसवून 12 दिवस झालेत, टाके निघायचे आहेत. बोटं सुजलेली, मूठ अर्धीच वळते. दुखतं म्हणून हात दिवसभर झोळीत असतो. गणपतीला महिना उरलाय. मोदक, पोळ्या, ॲक्टिव्हा कधी जमेल? शेजारचे मालीशवाल्याकडे न्या म्हणतात.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी)
मालीशवाला नको. जोर लावून मनगट वाकवलं तर सूज वाढते आणि ताठरपणाही.

आधी झोळी काढा. बाहेर गर्दीत जाताना ठीक, घरात नको. झोळीत पंजा हृदयाच्या खाली राहतो म्हणून सूज उतरत नाही, आणि खांदा आखडतो तो वेगळाच. बसताना हात दोन उशांवर, पंजा कोपरापेक्षा उंच. अंगठी-बांगड्या अजून हातात असतील तर आजच काढा.

प्लेटने हाड धरून ठेवलंय. आत्ता खरी काळजी बोटांची आहे. जागेपणी दर तासाला 10 वेळा : बोटं सरळ, मग फक्त पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, परत सरळ. अंगठ्याचं टोक करंगळीच्या मुळाशी न्यायचं. प्रत्येक टोकाला 5 सेकंद थांबायचं. टाके निघाल्यावरही बोटांची टोकं तळव्याला टेकत नसतील तर फिजिओकडे जायला उशीर करू नका.

मनगटाचा व्यायाम सर्जननी परवानगी दिल्यावर. या प्लेटमध्ये ती बहुधा टाके निघाल्यावर मिळते. मनगट वर उचलताना मूठ सैल मिटलेली हवी. बोटं उघडी असली तर बोटांचे स्नायूच काम उरकतात आणि मनगटाचे स्नायू आळशी राहतात. सगळ्यात उशिरा परत येतं ते तळहात आकाशाकडे करणं, म्हणजे तीर्थ घेताना करतो तसं. कोपर काटकोनात, अंगाला चिकटून. काखेत घडी केलेला नॅपकिन धरायला सांगा. तो पडला तर हात खांद्यातून फिरतोय, मनगटाकडून नाही. व्यायामानंतर दुखणं अर्ध्या तासात बसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सूज जास्त दिसली तर प्रमाण कमी करा.

उत्तर (अस्थिरोगतज्ज्ञ, रावपुरा)
वरचं सगळं बरोबर. कधी वाट बघायची नाही ते लिहितो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी झोपमोड होत असेल तर मध्य नसेवर दाब आहे. जखमेतून स्राव, ताप, किंवा जखमेभोवती पसरणारी लाली म्हणजे जंतुसंसर्गाची शंका. दुखणं मोडीच्या मानाने फारच जास्त, कापड लागलं तरी आग, त्वचा चकचकीत आणि घामेजलेली असेल तर त्याच आठवड्यात दाखवा, कारण त्या दुखण्यावर लवकर उपचार झाले तरच हात वाचतो. आणि हे पुढे काही महिन्यांनीही लक्षात ठेवा : अंगठ्याचं टोक वाकवताना कुरकुर जाणवली किंवा अंगठा अचानक वाकेना वा उचलेना, तर कण्डरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) प्लेटवर किंवा स्क्रूच्या टोकावर घासत असेल. ती तुटण्याआधी दाखवलेलं बरं. त्रास नसेल तर प्लेट काढायची गरज नसते.

प्रश्नकर्ती
फार आभार. झोळी काढली. मोदकांचं मात्र सांगा, आई तेवढंच विचारते आहे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी)
गणपतीला सहा आठवडे होतील. पाऱ्या करणं, कळ्या पाडणं चालेल. बोटांना तो चांगलाच व्यायाम आहे. उकड मळणं नको. त्यात तळव्याच्या टाचेवर अंगाचा भार येतो. ती दुसऱ्या कुणी मळून द्यावी. सहा आठवड्यांपर्यंत त्या हाताने भरलेल्या कपापेक्षा जड काही नको, कुकर तर नाहीच. एक्स-रेत हाड धरलेलं दिसलं की स्पंज पिळण्यापासून ताकद वाढवायची, पोळ्या त्यानंतर. पाटावरून उठताना तो हात जमिनीवर टेकू नये; पूजेला खुर्ची द्या. असा भार साधारण 12 आठवड्यांनी. ॲक्टिव्हा न दुखता अचानक ब्रेक दाबता येईल तेव्हाच. ॲक्सिलरेटर त्याच हातात असल्याने घाई नको. नवरात्रात दांडियाचे टोले यंदा टाळा.

उत्तर (आहारतज्ज्ञ, मांडवी)
या वयात उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं तर हाडांची घनता तपासायलाच हवी. डेक्सा (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी सर्जनना विचारून करून घ्या, नाहीतर पुढची पाळी खुब्याची असू शकते. कॅल्शियम आहार धरून दिवसाला 1200 मि.ग्रॅ.च्या आसपास : 200 मि.ली. दुधात सुमारे 240, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या घरात. गोळी कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी.