मदत हवी आहे : १९३५ च्या फोर्ड तार-चाकांमागे डिस्क ब्रेक बसवताना आरे कॅलिपरला अडतात

नमस्कार मंडळी,

मी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ राहतो. मोटारींच्या आसनांचे आरेखन हा माझा पेशा असल्यामुळे ब्रेक हा माझा विषय नाही, हे आधीच कबूल करतो. गेली चार वर्षे माझ्या गॅरेजमध्ये १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे आकाराला येत आहे. ती मूळ रूपात जतन केलेली नसून, इथे जिला हॉट रॉड म्हणतात त्या प्रकारची आहे. इंजिन १९४६ ते ४८ या काळातील फ्लॅटहेड व्ही-८ आहे आणि पुढचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो, स्टिअरिंगबरोबर वळणारा दांडा), हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) व हायड्रॉलिक ड्रम ब्रेक (तेलाच्या दाबाने शू नावाच्या पट्ट्या फिरत्या ड्रमला आतून दाबणारे) १९४० च्या फोर्डचे आहेत. (मॉडेल ए ला कारखान्यातून दांड्यांनी ओढले जाणारे यांत्रिक ब्रेकच येत, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ साली स्वीकारले.)

चाके मात्र १९३५ च्या फोर्डची, १६ इंची, वेल्ड केलेल्या आऱ्यांची आहेत. मॉडेल ए च्या २१ व १९ इंचांवरून १९३२ मध्ये १८, १९३३-३४ मध्ये १७ आणि १९३५ मध्ये १६ इंच, अशी फोर्डची तार-चाके लहान होत गेली. त्यांतली ही शेवटची चाके मला इतकी आवडतात की गाडी त्यांच्यासाठीच घेतली असे म्हटले तरी चालेल, तेव्हा ‘चाके बदला’ हा सल्ला कृपया देऊ नये.

गेल्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझच्या (इथल्या जुन्या गाड्यांच्या वार्षिक फेरीच्या) गर्दीत, थांबत-थांबत चालताना पावसाची सर आली आणि ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे इतकी ओढली गेली की शेजारच्या मार्गिकेतील गाडीला आरसा घासता घासता राहिला. त्यानंतर पुढे डिस्क ब्रेक बसवायचे ठरवले. मी घेतलेल्या किटमध्ये मूळ हबवरून ड्रम काढून ११ इंची रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) हबच्या फ्लॅंजमागे (बाहेर आलेल्या गोल कडेमागे) बोल्टने बसतो आणि त्यावर जनरल मोटर्सच्या गाड्यांत सापडणारा एका पिस्टनचा तरंगता कॅलिपर (रोटरला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणारा, बाजूला सरकू शकणारा चिमटा) येतो. ‘१५ इंच व त्यापुढील सर्व चाकांत बसते’ असे विक्रेत्याने लिहिले होते आणि व्यासापुरते ते खरेही आहे. रिमच्या सर्वांत खोल भागाची आतली त्रिज्या १७८ मिमी भरते, तर कॅलिपरची बाहेरची कड मध्यापासून १६८ मिमीवर येते, म्हणजे तिथे १० मिमी फट मिळते.

अडचण आडवी नसून उभी आहे, असे म्हणतो, कारण मी चाक जमिनीवर पालथे ठेवून विचार करतो. हबच्या मागच्या कडेपासून रिमकडे जाणारी आऱ्यांची ओळ, कॅलिपरचा जो भाग रोटरच्या बाहेरच्या अंगाला येतो, त्याच जागेतून जाते. ड्रमचे तोंड सपाट असल्यामुळे तिथे पूर्वी काहीच आडवे येत नव्हते. आता चाक पूर्ण बसण्याआधीच सुमारे २ मिमीवर अडते.

चाकामागे स्पेसर (अंतर वाढवणारी चकती) घालून ते बाहेर सरकवावे, हा उघड उपाय आहे, पण तिथे दुसरी शंका येते. या चाकाचा मधला भाग दाबपत्र्याचा असून त्याची बाहेरची गोल कड पूर्वी ड्रमच्या तोंडावर टेकत असे. ड्रम निघाल्यावर हबचा उघडा फ्लॅंज त्या टेकणीपेक्षा लहान पडतो. अशा स्थितीत नट आवळले, तर पत्रा मागे वाकून नटांच्या भोकांभोवती तडा जाईल, अशी मला भीती वाटते. तेव्हा प्रश्न दोन आहेत : स्पेसर किती जाडीचा व कसा असावा, आणि हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ आहे का? मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी होत नसल्यामुळे चूक झाली तर ती दाखवून देणारे कोणी नाही.

प्रतिसाद : जुना टर्नर

आपली भीती रास्त आहे. चिंचवडला ब्रेकच्या कारखान्यात अठरा वर्षे काढल्यानंतर सांगतो की बाजारात मिळणारा, फक्त पाच भोके पाडलेला चपटा स्पेसर इथे अजिबात वापरू नये. आपल्याला स्पेसर नको, टेकण हवी आहे. पोलादी कडे लेथवर असे काढून घ्यावे की आतून ते हबवर सैल न होता बसेल, बाहेरचा व्यास चाकाच्या मागच्या कडेपेक्षा किंचित मोठा राहील आणि दोन्ही तोंडे समांतर असतील. स्टडही (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते आट्यांचे दांडे) तितकेच लांब घ्यावेत. नटात किमान स्टडच्या व्यासाइतके आटे गेले पाहिजेत.

जाडी ठरवण्यासाठी मापे घेत बसण्यापेक्षा कॅलिपरवर मऊ मातीचा थर द्यावा आणि चाक लावून हाताने एक पूर्ण फेरा फिरवावा. दाबल्यानंतर उरलेली माती म्हणजे खरी फट. हे करताना पॅड नवे असावेत, कारण तरंगत्या कॅलिपरचे अंग बाहेरचा पॅड झिजेल तसे गाडीच्या आतल्या बाजूला सरकते. म्हणजे नव्या पॅडवरच ते आऱ्यांच्या सर्वांत जवळ असते. स्टिअरिंग वळवून पाहण्याची गरज नाही, कॅलिपर आणि चाक दोन्ही स्पिंडलबरोबरच वळतात. बेअरिंगची ढिलाई आणि चाकाची डगमग यांच्यासाठी मात्र ३ मिमी तरी राखावेत.

प्रतिसाद : वाटसरू

मी उलट बाजूने विचारतो. गाडी एकाच बाजूला ओढली गेली, याचा अर्थ दोन चाकांचे ब्रेक सारखे लागले नाहीत. एका ड्रममध्ये पाणी शिरले असेल, चाकाच्या सिलिंडरमधून तेल पाझरत असेल, किंवा ड्रम लंबगोल झाला असेल. ते न तपासता डिस्ककडे धावणे घाईचे वाटते. फोर्डच्या १९३९ ते ४८ च्या ब्रेकमध्ये दोन्ही शू खाली वेगवेगळ्या पिनांवर बांधलेले असतात, त्यामुळे एक शू दुसऱ्याला ढकलून जोर वाढवत नाही. त्याच काळातील लिंकन गाड्यांचे बेंडिक्स ब्रेक हे काम करतात, या स्पिंडलवर बसतात, आणि ड्रम ड्रमच राहिल्यामुळे आपल्या आऱ्यांचा प्रश्नच उरत नाही.

डिस्कच हवे असतील, तर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर तेलाचा दाब तयार करणाऱ्या भागाकडे) पाहावे. मूळ सिलिंडर एकाच सर्किटचा आहे. कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ड्रमसाठीच्या सिलिंडरात सुमारे १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब धरून ठेवणारी झडपही असते, जिच्यामुळे डिस्कचे पॅड सतत घासत राहतील. दोन सर्किटांचा सिलिंडर घ्यावा, आणि तो गाडीच्या फरशीखाली असल्यामुळे, तेल त्यात मागे उतरू नये म्हणून, पुढच्या नळीत २ पीएसआयची व मागच्या नळीत १० ची झडप टाकावी.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. वाटसरूंच्या सांगण्यावरून जुने ड्रम मोजले, तर उजवा ०.४ मिमीने लंबगोल निघाला. म्हणजे गाडीच्या ओढीचे निदान माझ्या समोरच पडून होते.

तरीही मुलीची खेळायची माती मागून घेऊन प्रयोग केला (ती परत मिळणार नाही, हे तिने ओळखले होते). फक्त हाताने फिरवण्यापुरते हबवर ६ मिमीचे वॉशर ठेवले होते. सर्वांत पातळ जागी माती ३.४ मिमी उरली. म्हणजे कडे ६ मिमीचे पुरेल. परंतु त्यामुळे चाक प्रत्येक बाजूला तितकेच बाहेर येऊन स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षाभोवती वळते तो जमिनीला भेटतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर) वाढेल, आणि या गाडीचे स्टिअरिंग आधीच जड आहे. मागचे ड्रम तसेच ठेवायचे असल्याने पुढे-मागे जोर कसा विभागावा, हेही ठरवावे लागेल.

म्हणून डिस्कचे किट खोक्यात परत ठेवले असून लिंकनच्या ब्रेकचा शोध सुरू केला आहे. जुना टर्नर यांना एकच विचारतो : वापरलेले ड्रम मिळाले, तर लेथवर आतून सारखे करताना व्यास किती वाढेपर्यंत ते घेण्यासारखे समजावेत?