रात्रभर हीटिंग चालू ठेवणं खरंच स्वस्त पडतं?
वर कुणीतरी म्हटलंय की रात्री हीटिंग बंद करून सकाळी गारठलेलं घर तापवण्यापेक्षा ते रात्रभर चालू ठेवलेलं परवडतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण घरातून उष्णता किती निसटते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर १ अंश आणि आत २१ असेल तर फरक २० चा. आत १९ ठेवलं की १८ चा, म्हणजे गळती सरळ १० टक्के कमी. घर जितका वेळ थंड राहील तितकी बचत. (हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत आणणारं यंत्र, असेल तर मात्र तापमान फार खाली उतरवू नका, सकाळच्या घाईत त्याची कार्यक्षमता घसरते.)

ऑइल हीटर की फॅन हीटर, हा वाद मला फोल वाटतो. १५०० वॅटचा कुठलाही हीटर सलग दोन तास चालला तर ३ युनिट खाणारच आणि उष्णताही तेवढीच देणार. त्यापेक्षा फटी बुजवा. उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने फिरवा, धूर थरथरला की चोर सापडला. पडदा तेवढा सांभाळा! गॅसचा हीटर असलेल्या खोलीतले झरोके मात्र कधीच बंद करू नका, त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो.