आश्रमात खोकला झाला की थेट हॉस्पिटल?

सदाफुली: काल इथे एकांनी लिहिलं, 'वृद्धाश्रमात साधा खोकला झाला तरी हॉस्पिटलात ढकलतात, कमिशनचा धंदा आहे.' डोकं फिरलं, म्हणून लिहितेय. अकरा वर्षं आश्रमात नर्स आहे मी. ८५ वर्षांच्या आजींना न्यूमोनिया झाला की ताप येईलच असं नाही. सकाळचा चहा तसाच राहतो, मुलीला ओळखत नाहीत, बस्स. मग मी घड्याळ समोर धरून श्वास मोजते. परवा मिनिटाला २८ भरले, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८९, दोन्ही धोक्याचे. रात्रीचे पावणेदोन, डॉक्टर फोनवर, ड्युटीला मी आणि एक मावशी, सांभाळायला बावीस जण. काय करू, वाफ देऊ?

निवांत पेन्शनर: ते लिहिणारा मीच. छातीत कफ म्हणून वडिलांना नेलं, आठ दिवस ठेवलं. कफ गेला, सोबत चालणंही गेलं. सलाईन उपसतात म्हणून हात बांधले होते, पाठीला जखमा. कॅनडात ओंटारिओतल्या २२ नर्सिंग होममध्ये हे तपासलंय, २००६ साली छापून आलंय. जागेवरच उपचार केले तिथे न्यूमोनियासाठी भरती १० टक्के, नेहमीच्या पद्धतीत २२. मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. बोला.

सदाफुली: बोलते. तिथे नर्स रोज लक्ष ठेवून होती आणि एक्स-रेचं मशीन दारात येत होतं. आमच्याकडे महिन्याला दोन हजार वाढवले तर नातेवाईकांच्या ग्रूपवर युद्ध होतं.

भाचा नं. १: मूळ दुखणं वेगळंच आहे. हॉस्पिटल म्हणतं, 'पेशंटजवळ नातेवाईक पाहिजे.' माझ्या मावशीचा मुलगा अमेरिकेत. तीन रात्री आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर कोण? अस्मादिक.

एडिसनकर: आलं! विषय कुठलाही असो, गाडी आम्हा अमेरिकेतल्यांवरच. सह्या, संमती, बिलं सगळं इथून मीच बघतो, आणि तुमच्या रात्री माझं ऑफिस चालू असतं.

भाचा नं. १: बिलं भरता, मान्य. डायपर बदलायला ऑनलाइन येता का?

एडिसनकर: तोंड सांभाळून. २०२० साली विमानं बंद होती. माझे बाबा मी स्क्रीनवर जाताना पाहिलेत.

कोथरूडची सून: परदेशातल्यांनाच का बोलता? आमचे थोरले दीर आश्रमापासून दोन चौकांवर राहतात. सासूबाई भरती होत्या तर म्हणे, 'पार्किंग मिळत नाही.'

भाचा नं. १: 😂 बरं, एडिसनकर, बाबांबद्दल ठाऊक नव्हतं. पण बाकडं कडकच होतं हो.

कलम-बहाद्दर: लिव्हिंग विल करा, म्हणजे शेवटच्या आजारात जगवत ठेवणारे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवा, वाद मिटेल. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली, जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रियाही सोपी केली, नोटरीसमोर होतं.

सदाफुली: दादा, ते बरं न होणाऱ्या आजारासाठी. न्यूमोनिया पुष्कळदा बरा होतो. आणि आमच्या एका आजोबांचा तो कागद कपाटात, किल्ली मुलाच्या खिशात, मुलगा नागपुरात.

आणखी एक, कारण ते कुणी विचारतच नाही. कफ होतो कशाने? आडवं ठेवूनच पेज भरवतात, घास श्वासनलिकेत जातो. कवळी रात्री तोंडातच, दातांना ब्रश नाही. मी मावशींना ओरडते: बसवा, मान थोडी पुढे, छोटा चमचा, जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. पण एका मावशीला सहा जणांना भरवायचंय. फ्लूची लस दरवर्षी लागते, त्याची संमती मागितली की ग्रूपवर निळ्या टिका येतात, उत्तर नाही.

निवांत पेन्शनर: निळी टीक माझीही असेल. बरं, 'कमिशन' शब्द मागे घेतो, तेवढाच. हात बांधलेले मी विसरणार नाही. त्या ८९ वाल्या आजींचं काय झालं?

सदाफुली: नेलं. सहा दिवसांनी परत आल्या. चहा मागून घेतात. मुलीला मात्र अजून 'सिस्टर' म्हणतात.